निळ्या चिंधीची पऱ्हाटी

संग्रामपूरहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर डाव्या हाताला गोकुळभाऊंचं कपाशीचं शेत लागतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून नीट पाहिलंत तर मधल्या एका ओळीत एक बुटकी पऱ्हाटी दिसेल. तिच्या बुंध्याला निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली आहे. ती मी. इकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटीच म्हणतात, तेव्हा तुम्हीही तसंच म्हणा. मी घाईनं बोलतेय, कारण आणखी किती दिवस बोलता येईल याचा मला भरवसा नाही.

माझा जन्म इथला नाही. दूर दक्षिणेकडच्या कुठल्याशा शेतात मी बोंडातून सरकी म्हणून बाहेर पडले. कारखान्यात तेजाबानं अंगावरचं तूस गेलं, मग औषधाचा आणि रंगाचा लेप चढला. माझ्या बरोबरीच्या बहुतेक सरक्या मोठ्या पाकिटात गेल्या. त्यांच्या अंगात बोंडअळीला मारणारा गुण घातलेला होता, म्हणून त्यांना बीटी म्हणायचे. माझ्या अंगात कोणी काही घातलं नव्हतं. आम्हा साध्या सरक्यांची एक छोटी पुडी केली आणि ती मोठ्या पाकिटासोबत दिली. नवरीबरोबर करवली पाठवतात ना, तशी.

करवलीला निदान जेवणाच्या पंगतीत कोणी विचारतं. आमचं काम पुडीवर बारीक अक्षरांत छापलं होतं. शेताच्या चारही कडांनी, धुऱ्यालगत, आमच्या ओळी लावायच्या. का, तर सगळंच शेत बीटीचं झालं तर त्यात फक्त ते विष पचवणाऱ्या अळ्याच उरतील आणि त्यांचीच पिलावळ वाढेल. धुऱ्यावर साधी कपाशी असली की साध्या अळ्याही जगतात, दोन्हींचे पतंग एकमेकांत मिसळतात आणि बीटीचा गुण जास्त वर्षं टिकतो. म्हणजे सरळ सांगायचं तर अळीला खायला घालण्यासाठीच माझा जन्म होता. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. मग वाटलं, काम हलकं असलं तरी काम आहे. कोणीतरी ते करायलाच हवं.

पण ते कोणी करून घेतलं नाही. गोकुळभाऊंनी मोठं पाकीट पेरलं आणि मला तशीच घरी आणली. यात त्यांना एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आमच्या पुड्यांचं काय होतं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. कोणी नाल्यात फेकतं, कोणी पोरांच्या हातात देतं, आणि घर संसारी असेल तर पुडी खाड्यांसाठी जपून ठेवतात. खाडा म्हणजे ओळीत बी न उगवलेली रिकामी जागा. पेरणीनंतर बाया ओळीनं फिरतात आणि हाताशी असेल ती सरकी टोबून, म्हणजे बोटानं मातीत दाबून, खाडे भरतात. कोणती सरकी, हे कोणी विचारत नाही. रिकामी जागा हिरवी दिसली की झालं.

गोकुळभाऊंच्या बायकोनं, रेवतीबाईंनी, मला स्वयंपाकघरातल्या फळीवर हळदीच्या डब्यामागे ठेवलं. तिथं माझी बरीच वर्षं गेली. आता म्हणे कंपन्या आमच्यासारख्यांना मोठ्या पाकिटातच मिसळून देतात, म्हणजे कोणाला बाजूला काढता येऊ नये. माझ्या वेळी ती अक्कल सुचली नव्हती. फळीवरून मला टीव्ही दिसत नसे, पण ऐकू सगळं यायचं.

एका दिवाळीच्या सुमाराला गोकुळभाऊ बोंडं घेऊन घरात आले आणि ओट्यावर एकेक फोडत गेले. आत गुलाबी अळ्या निघाल्या. बीटीतच अळी निघते तर मग बीटी कशाची, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी फळीवरून जीव तोडून सांगत होते की अहो, मला धुऱ्यावर लावायचं होतं. एकट्या माझ्या पुडीनं काय फरक पडला असता, ते मलाही ठाऊक नाही. पण नाल्यात गेलेल्या सगळ्या पुड्या जमेस धरल्या तर काहीतरी नक्कीच पडला असता. हळदीच्या डब्यामागचा आवाज कोणाला ऐकू जातो?

पुढं टीव्हीवर वाद वाढत गेले. कोणी म्हणे अंगात असा गुण घातलेली नवी पिकं आली नाहीत तर देश मागे पडेल. कोणी म्हणे ती आली तर आपलं बियाणं आपलं राहणार नाही. दिल्लीत समित्या बसत, कोर्टात तारखा पडत, आणि मंजुरी मात्र अडून बसलेली असे. एकदा एक पाहुणा म्हणाला की बीटी सरकीचं तेल तुम्ही केव्हाचंच खाताय आणि ढेप, म्हणजे तिचीच पेंड, गाईला घालताय, मग आता कसली भीती. रेवतीबाई तेव्हा भाजीला फोडणी देत होत्या. त्यांनी हातातल्या तेलाच्या पळीकडे पाहिलं आणि मग मोहरी टाकली. त्या घरात त्या वादाचा निकाल तेवढाच लागला.

यंदा पेरणीच्या तोंडावर एक अनोळखी माणूस मोटारसायकलवर आला आणि काही पाकिटं देऊन गेला. पाकिटावर नाव नाही, गाव नाही, सोबत पावती नाही. या सरकीला लोक चोर बीटी म्हणतात. तिच्यावर तणनाशक मारलं तर आजूबाजूचं तण मरतं आणि ती मात्र उभी राहते, असं तिचं कौतुक आहे. सरकारनं तिला मंजुरी दिलेली नाही, म्हणून ती चोरून येते. चोरून येते म्हणून खरी कोणती आणि खोटी कोणती, हे उगवल्यावरही कळत नाही.

गोकुळभाऊ शेतकऱ्यांच्या एका संघटनेत आहेत आणि त्यांना हे बियाणं मनापासून हवं आहे. माणूस लबाड नाही. पावसानं उघडीप दिली नाही की डवरा, म्हणजे बैलाचं कोळपं, चालत नाही, निंदणाच्या, म्हणजे गवत खुरपणाऱ्या, बाया सगळ्या गावाला एकाच आठवड्यात हव्या असतात, आणि तोवर गवत पऱ्हाटीच्या डोक्यावर जातं. हे त्यांनी दरवर्षी भोगलं आहे. बाहेरच्या देशातला शेतकरी वापरतो तर आम्हालाच मनाई का, हा त्यांचा प्रश्न असतो. तो विचारताना त्यांचा आवाज चढतो, कारण सरळ उत्तर त्यांना कोणी दिलेलं नाही.

रेवतीबाई वादात पडत नाहीत. पण पेरणीच्या मागोमाग त्या ओटीत बरबटी म्हणजे चवळी, अंबाडी आणि भेंडीचं बी घेऊन कपाशीच्या ओळींमधून टाकत जातात. त्यांच्या सासूही तसंच करायच्या. पावसाळ्यातली घरची भाजी त्यातूनच निघते. फवारा कपाशीला सोडेल, बरबटीला कशाला सोडेल, असं त्यांनी एकदा विचारलं. भाजी बाजारातून आणू, असं उत्तर आलं. त्यांनी बी टाकायचं काही सोडलं नाही.

आणि वच्छलाबाई. निंदणाच्या बायांची टोळी त्यांच्या शब्दावर चालते. आषाढापासून भादव्यापर्यंत त्या टोळीच्या चुली निंदणावर पेटतात. चोर बीटी आली तर गवत फवाऱ्यानं मरणार आणि खुरपं भिंतीला टांगलेलं राहणार, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी गोकुळभाऊंनी टोबणीला बोलावलं तेव्हा त्या आल्या. आज हाताला काम आहे ना, एवढंच म्हणाल्या.

टोबणी झाली. चोर बीटी महागाची, म्हणून एका जागी एकच दाणा पडला. आठवडाभरात शेत उगवलं, पण जागोजागी खाडे दिसू लागले. त्या दिवशी गोकुळभाऊ संघटनेच्या बैठकीला जळगाव जामोदला गेले होते. रेवतीबाईंनी फळी चाचपली, हळदीचा डबा सरकवला आणि मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला. त्या आणि वच्छलाबाई दोघींनी मिळून सगळे खाडे आमच्या सरकीनं भरले. गोकुळभाऊंना काही सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं दोघींनाही वाटलं नाही. भाजीत मीठ घातलं हे कोणी नवऱ्याला सांगायला जातं का?

फळीवर राहून माझ्यासोबतच्या कितीतरी सरक्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्या उगवल्याच नाहीत. मी उगवले. माती अंगाला लागली तेव्हा काय वाटलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. शेजारच्या चोर बीटीहून मी उशिराची, म्हणून बुटकी राहिले. ती शेजारीण अबोल आहे. तिला आपल्या अंगात काय आहे ते ठाऊक नाही, आणि माझ्या अंगात काही नाही हे मला पक्कं ठाऊक. पाऊस दोघींवर सारखाच पडायचा. आमच्या पायाशी रेवतीबाईंची बरबटी वर चढू लागली होती आणि तिच्याभोवती गवतही माजत होतं. निंदणाला यंदा कोणी आलं नाही. वच्छलाबाईंची टोळी रस्त्यानं दुसऱ्यांच्या शेताकडे जाताना दिसे. त्या आमच्या गवताकडे पाहत आणि पुढं निघून जात.

मग एक दिवस शेतात मंडप उभा राहिला. संघटनेनं ठरवलं होतं की मनाई असली तरी उघडपणे फवारणी करायची, गावोगावच्या लोकांसमोर. आठ दिवसांनी त्याच लोकांना परत बोलावून दाखवायचं की तण आडवं झालं आणि कपाशी उभी आहे. शेत गोकुळभाऊंचं. माईकवर बोलणार तेही गोकुळभाऊच. एकही झाड मरणार नाही, हे वाक्य ते चार दिवस घोकत होते.

कृषी सहायक हिमानी मॅडम येऊन त्यांना समजावून गेल्या. मंजुरी नसलेलं बियाणं लावणं गुन्हा आहे, मला वरती कळवावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पावती नाही, उद्या फसलात तर दाद कोणाकडे मागाल, असंही विचारलं. आणि एकच फवारा वर्षानुवर्षं मारला की तणही त्याला सरावतं, जसं अळीचं झालं. अळीचं नाव निघालं तशी मी कान टवकारले. पण माझं नाव काही निघालं नाही.

घोकलेलं वाक्य रेवतीबाईंच्या कानावर पडत होतंच. मंडप उभा राहिल्यावर त्याचा अर्थ त्यांना लागला. त्या दुपारी त्यांनी वच्छलाबाईंना शेतात बोलावून घेतलं. दोघी माझ्याच जवळ बसल्या.

"मावशी, खाड्यात आपुन काय टोबलं होतं, आठवते काय?"

"हाव. तुमच्या फळीवरची पुडी."

"ते साधं होतं. दवाई पडली त जळून जाईन. अन हे माईकवर सांगणार हायेत का एक झाड मरत नाई म्हणून."

वच्छलाबाईंचा हात सवयीनं गवताकडे गेला. माझ्या बुडाशी वाढलेलं गवत त्या बोटांनी उपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "मरू द्या मंग. लोकं म्हणतीन बियानं खोटं निघालं. पुढच्या साली कोनी हात लावनार नाई. माह्या बायाईले निंदन भेटीन."

माझा जीव टांगणीला लागला होता. वच्छलाबाई गप्प राहिल्या असत्या तरी त्यांना कोणी विचारायला येणार नव्हतं. मी जळले असते, माझं जळणं पुरावा ठरलं असतं आणि त्यांचं खुरपं चालू राहिलं असतं. माझ्या बुडाशी गवताची एक काडी उरली नाही, तेव्हा त्या पुन्हा बोलल्या.

"पन बियान्यानं खोटं केलं नाई ना बाई. मिसळलं आपुन. माह्या हातानं टोबलेलं झाड खोटी साक्ष देईन अन त्याच्यावर मी पोट भरीन, ते मले पचनार नाई."

दोघींनी गोकुळभाऊंना शेतातच गाठून सगळं सांगितलं. ते आधी रेवतीबाईंवर चिडले, मग स्वतःवर, मग पुड्या बनवणाऱ्यांवर. शेवटी म्हणाले की आत्ताच्या आत्ता ही सगळी बुटकी झाडं उपटून टाका. वच्छलाबाई वाकल्या. त्यांची मूठ माझ्या बुंध्याभोवती आली. मी डोळे मिटले म्हणा, आम्हाला डोळे असते तर.

"उपटू नका," रेवतीबाई म्हणाल्या. "उपटलं त खरं काय ते आपल्यालेच म्हाईत राह्यते. खूण करा अन माईकवर सांगा, खुणेचे झाडं साधे हायेत, हे जळतीन, बाकीचे पाहा म्हणून."

"लोकं हासतीन," गोकुळभाऊ म्हणाले.

"हासू द्या."

वच्छलाबाईंनी घरून आपलं जुनं निळं लुगडं आणलं आणि त्याच्या चिंध्या फाडल्या. आम्हाला टोबणारे हात तेच, म्हणून शोधावं लागलं नाही. त्या ओळीनं बांधत गेल्या. माझ्याजवळ आल्या तेव्हा त्यांनी गाठ जरा जोरातच मारली. काम संपल्यावर त्यांनी गोकुळभाऊंकडे एकच गोष्ट मागितली, धुऱ्याकडच्या ओळींना दवाई मारायची नाही, तेवढं निंदण माझं. गोकुळभाऊंनी मान डोलावली. त्या ओळींतही खाड्यात लावलेल्या माझ्या काही बहिणी आहेत. पुडीवर आमच्यासाठी छापलेली जागा धुऱ्याचीच होती. इतक्या वर्षांत तिथं आम्हाला ठेवून घेतलं ते वाचता न येणाऱ्या वच्छलाबाईंनी, आणि तेही आपल्या कामासाठी. मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली, कारण मी धुऱ्यावर नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी माणसं खूप जमली. गोकुळभाऊ माईकसमोर उभे राहिले आणि घोकलेलं वाक्य बोललेच नाहीत. चिंधीवाली झाडं साधी आहेत, आमच्या घरच्यांनी खाड्यात लावलेली, ती मरतील, असं त्यांनी सांगितलं. मागून कोणी म्हणालं की पळवाट आधीच बांधून ठेवली. थोडे लोक हसले. हिमानी मॅडम रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्या धुऱ्यापर्यंत आल्या आणि गोकुळभाऊंना म्हणाल्या, "बियाणं लावलं ते मला लिहावं लागेल, भाऊ. पण चिंध्यांचंही लिहीन."

रेवतीबाईंनी तेवढ्यात बरबटीच्या एका वेलावर टोपलं पालथं घातलं. सगळी बरबटी झाकायला तेवढी टोपली कुठून आणणार? मग पंप आला. बारीक थेंब माझ्या पानांवर बसले, अगदी दवासारखे. दुखलं काहीच नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

त्याला आता काही दिवस झाले. माझा शेंडा पिवळा पडला आहे. ओळीतलं गवतही पिवळं होतंय आणि टोपल्याबाहेरची बरबटीही. आयुष्यभर गवत माझं वैरी होतं, आता आमचं दुखणं एक झालं आहे. माझं काय होणार ते जाहीरच आहे. काळजी मला शेजारणीची वाटते. आज सकाळी तिच्याही कोवळ्या पानावर मला पिवळी झाक दिसली. ऊन असेल. किंवा तिला आणणाऱ्या त्या अनोळखी माणसानं गोकुळभाऊंना फसवलं असेल. तिला विचारलं तर ती गप्प राहते. तिलाही भीती वाटत असावी.

लोक परत येतील तेव्हा माझ्यावरून भांडतील. कोणी टाळ्या वाजवतील, कोणी फोटो काढून पाठवतील, आणि फोटोत चिंधी येईलच असं नाही. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, माझी एक विनवणी आहे. मला पाहाल तेव्हा शेजारणीलाही पाहा, टोपल्याखालची आणि टोपल्याबाहेरची बरबटी पाहा, आणि मग धुऱ्यावरच्या त्या निंदलेल्या ओळींपर्यंत चालत जा. त्यानंतर खुशाल भांडा. आणि त्या बाईला विसरू नका. हे बियाणं खरं निघालं तर तिचं काम जाणार आहे. ते ठाऊक असून तिनं मला ही चिंधी बांधली.

काल वच्छलाबाई धुऱ्याकडची ओळ निंदायला आल्या होत्या. जाताना वाट वाकडी करून माझ्याजवळ थांबल्या. मरायला टेकलेल्या झाडाजवळ थांबण्याचं काही कारण नव्हतं. त्यांनी खाली बसून चिंधीची गाठ सोडली, माझ्या बुंध्यावर पडलेल्या वळावरून बोट फिरवलं आणि पुन्हा सैल गाठ मारली.

"लय आवळली गेली होती व माय," त्या म्हणाल्या. "काऊन बोलली नाईस?"

मी तर केव्हाची बोलतेच आहे.